ओढ्याचा अर्ज

वकिलीची पहिली वर्षं आठवायला लागले की आधी शांतता आठवते. गुलमंडीत कापडाच्या दुकानावर आमच्या सिनियरांचं ऑफिस होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या दिवशी शहर बंद होतं. खाली एकही शटर वर गेलेलं नव्हतं आणि रस्त्यावर ऊन एकटंच पसरलेलं होतं. आम्ही दोघंच ज्युनियर आलो होतो. माझ्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य आणि कारकुनी, सहकाऱ्याच्या घरी चळवळ. संध्याकाळच्या मोर्चासाठी त्याने खिशाला निळी फीत लावली होती.

तेवढ्यात जिना चढून एक म्हातारी आली. डोक्यावर घोंगडी, पायांवर धूळ. ती वाळूजकडून चालत आली होती.

"मावशी, आज सगळं बंद आहे," मी म्हणाले.

"व्हय, रस्त्यात कळलं. पर मेंढरांना कुठं कळतंय बंद?"

तिने पदराची गाठ सोडली. आत लोकरीचा पुंजका होता, जांभळ्या रंगाचा. कुठल्याशा कारखान्याच्या नळातून ओढ्यात पाणी सुटत होतं. त्यात उतरलेल्या मेंढ्यांचे पाय असे रंगले होते, आणि पाच गाभण मेंढ्या गाभडल्या होत्या.

"उद्या सिनियर येतील, तेव्हा या," असं मी म्हणणार होते. सहकाऱ्याने त्याआधीच कागद पुढे ओढला.

"पाण्याचं काम उद्यावर टाकत नाहीत," तो म्हणाला. "आमच्याकडे हे लहानपणापासून ऐकवतात."

दोन दिवसांनी आम्ही माझ्या लुनावरून ओढा बघायला गेलो. पाळी सुटलेल्या कामगारांच्या बसेस समोरून जात होत्या. शेडची पत्र्याची छपरं उन्हात पाण्यासारखी हलत होती. बाभळींच्या पलीकडे ओढा दिसला. काठाला शेंदरी, मध्ये निळा, आणि वर मोरपिसासारखी तेलाची साय. खरं सांगते, क्षणभर मला तो फार सुंदर वाटला. मी वाकून बघत राहिले. मग वास नाकात शिरला आणि मी तोंडाला ओढणी लावली. सुंदर वाटल्याची लाज मात्र पुढे कितीतरी दिवस गेली नाही.

पाण्याचा कायदा तेव्हा होता, पर्यावरणाचाही नुकताच आला होता, पण तालुक्याच्या पातळीवर ते कुणाला फारसे ठाऊक नव्हते. म्हणून आम्ही सार्वजनिक उपद्रवाच्या जुन्याच कलमाखाली प्रांतसाहेबांकडे अर्ज केला. सुनावणीत त्यांनी विचारलं, "बाई, ओढ्याकाठी तुमची जमीन आहे का?"

"नाय साहेब. तहान काय जमीनवाल्यालाच लागती व्हय?"

ते हसले नाहीत. पाहणीला येतो म्हणाले.

पाहणीच्या दिवशी ओढा स्वच्छ होता, अगदी तळाचे गोटे दिसत होते. कुणीतरी आधीच नळ बंद करून वरून चांगलं पाणी सोडलं होतं. कारखान्याचा माणूस इस्त्रीच्या कपड्यांत उभा होता. सहकारी माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे.

म्हातारीने कळप खाली आणला. दुपारचं रखरखीत ऊन, सकाळपासून न प्यायलेली मेंढरं. कळप काठापर्यंत धावत गेला आणि थांबला. पुढच्या मेंढीने मान खाली घातली, पाण्याला नाक लावलं आणि मागं सरली. एकही मेंढी प्यायली नाही. सगळा कळप मान वळवून उभा राहिला. वाऱ्याने बाभळीच्या शेंगा तेवढ्या वाजत होत्या. प्रांतसाहेबांनी खूप वेळ मेंढरांकडे बघितलं. मग गोटे उलटे करायला लावले. खालच्या बाजूला जांभळा चिखल होता. त्यांनी तिथंच जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि नळ बंद करण्याचा हुकूम लिहिला.

परतताना आम्ही तिघं लिंबाखाली बसलो. तिने भाकरी मोडून दिली. खाता खाता ती म्हणाली, "पाण्याचा कायदा हाय म्हणता. मंग पावसाचा नाय का? माझ्या लहानपणी पाऊस कसा येळेवर यायचा. आता महिना कोरडा जातो, अन्‌ मंग एका दिसात सगळं वाहून नेतो. त्याचा अर्ज कुणाला द्यायचा?"

आम्ही दोघं हसलो. कायदा शिकलेली माणसं होतो ना.

आता आठवड्यातून एकदा मी विधी महाविद्यालयात पर्यावरण कायदा शिकवते. मुलं हवामान बदलाबद्दल विचारतात. ओढ्याला नळ होता, नळाला मालक होता, मालकाच्या दारात नोटीस चिकटवता येत होती. आभाळात जो धूर साठलाय त्यावर कुणाचं नाव लिहायचं? नुकसान अजून जन्माला न आलेल्यांचं होणार असेल, तर अर्जदार कोण? मी फळ्यापाशी थांबते आणि मला ते लिंबाचं झाड दिसतं. उत्तर मला येत नाही, हे मी मुलांना सांगून टाकते. उद्याचा कायदा त्यांनाच लिहायचाय. पण त्या दिवशी लिंबाखाली आम्ही हसलो होतो, हे सांगायचं अजून जमलेलं नाही.

हुकमानंतर वर्षभराने मी एका कामासाठी वैजापूरला निघाले होते. वाटेत एसटी थांबली. दोन्ही बाजूंनी मेंढरं वाहत होती आणि बस त्यांच्यात तरंगत असल्यासारखी वाटत होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. खिडकीखाली तीच म्हातारी.

"मावशी, ओढा कसा आहे?"

"बराय, बाई. पितात आता." ती खिडकीशी आली. "पर त्यांनी नळ खाली नेलाय, गावाच्या पल्याड. तिथल्या बाया रडत्यात. त्यांना तुमचं ऑफिस ठाव नाय."

कंडक्टरने घंटी दिली. मी पिशवी उचलली आणि उतरले.