एक नंबरच्या जागेतली मोटार

किस्से औषधांच्या रिकाम्या पाकिटांसारखे साचतात. टाकून द्यावेत असं रोज वाटतं, पण एखाद्या कप्प्यात गोळी राहिली असेल या शंकेने हात थांबतो आणि खण भरत जातो. माझा खण आता मिटत नाही, म्हणून त्यातले काही बाहेर काढतो. ते सांगण्यासारखे आहेत की नाहीत याची मला खात्री नाही. विषय पार्किंगचा आहे, तोही म्हाताऱ्या माणसांच्या.

सुरतेत गोडादऱ्याच्या कडेला आमचं घर होतं. वृद्धाश्रम म्हटलेलं तिथे कोणाला आवडत नसे, आम्ही 'निवास' म्हणायचो. ज्यांना एकट्याने राहणं जमत नाही, पण दवाखान्यातही पडून राहायचं नाही, अशा मराठी मंडळींसाठी एका ट्रस्टने बांधलेली दुमजली इमारत. आंघोळीला मदत, गोळ्यांची आठवण आणि दोन्ही वेळा वरण-भात. प्लेगचं साल होऊन गेलं होतं, सगळं शहर झाडूनपुसून घेणं चालू होतं. त्याच झपाट्यात आमच्या कंपाउंडमधल्या पत्र्याच्या शेडखाली कोणीतरी पांढऱ्या रंगाने चार आकडे काढून गेलं. एक, दोन, तीन, चार. त्याआधी आमच्यात भांडणं नव्हती असं नाही, पण त्यांना पत्ता नव्हता.

* * *

जागा कोणी वाटायच्या हे ठरवायला डायनिंग हॉलमध्ये मीटिंग झाली. कमलताई चित्रे अध्यक्ष. त्यांना कोणी अध्यक्ष केलं नव्हतं, पण त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून व्हीलचेअरवर असल्यामुळे कायम बसलेल्याच असायच्या. त्यामुळे बाकीचे आपोआप उभे राहायचे.

"सर, तुमची डॉक्टरेट कशात आहे?" त्यांनी मला विचारलं.

"कालव्याच्या पाण्याचं शेतकऱ्यांमध्ये न्याय्य वाटप."

"मग झालं. पाणी वाहून तरी जातं. या चार जागा कुठे पळून जाणार नाहीत. तुम्हीच वाटा."

माझ्या प्रबंधाचं शेवटचं वाक्य 'या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे' असं होतं, हे मी सांगायचा प्रयत्न केला. तोवर चहा आला होता.

* * *

पहिला वाद रिक्षाचा. भिकनअण्णा पाटील मूळचे धुळ्याकडचे, सगळं आयुष्य लिंबायतच्या कापडाच्या लूमवर गेलेलं. त्यांची एक ऑटोरिक्षा होती. एक पोरसवदा ड्रायव्हर ती चालवायचा, आणि दुपारी आमच्या शेडखाली लावून तिच्यातच झोपायचा. काही मंडळींचं म्हणणं, धंद्याचं वाहन निवासात नको, शोभत नाही.

मी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि दोन्ही मला पटल्या. हा माझा जुना आजार आहे.

अण्णा शांतपणे तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "रातले कोनले छातीमा दुखनं ते दवाखानामा कोन नेई? दातारसाहेबनी मोटार? का मनी रिक्षा?"

दातारसाहेबांची मोटार चालत नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. रिक्षाला दोन नंबर मिळाला. आक्षेप घेणाऱ्यांपैकी एकाने बाहेर पडताना अण्णांना हळूच विचारलं, "मीटर टाकणार का हो तेव्हा?"

"तुमना आवाज आते जितला मोठा व्हता, त्यावर शे," अण्णा म्हणाले.

* * *

दुसरा वाद कमलताईंनीच काढला. त्या एका सकाळी तीन नंबरच्या आकड्यावर खुर्ची आणून, ब्रेक लावून, पेपर वाचत बसल्या.

"ताई, ही जागा वाहनांची आहे," मी म्हणालो.

"तुमच्या स्कूटरला चाकं किती?"

"दोन."

"माझ्या खुर्चीला चार. पुढे बोला."

माझी स्कूटर चार नंबरला असायची. ती मी चालवायचो, पण रस्त्याच्या कडेकडेने आणि बहुतेक वेळा मनातल्या मनात. वाहन म्हणजे काय, यावर मी बराच विचार केला. शब्दकोशही पाहिला. शब्दकोशात हत्तीही होता. शेवटी तीन नंबर त्यांना दिला.

त्यावर त्यांचं समाधान झालं असं समजू नका. "मला खरं तर एक नंबर हवा होता," त्या म्हणाल्या. "चढायचा उतार तिथेच आहे. खुर्ची सरळ आत जाते."

पण एक नंबरवर दातारांची मोटार होती.

* * *

रविवारी पाहुणे यायचे, आणि रविवारसाठी वेगळा वाद होता. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची सवय आमच्या पिढीच्या हाडात आहे. एका रविवारी सकाळी कोणाकोणाचे मुलगे, जावई येणार म्हणून चारही जागांपुढच्या मोकळ्या पट्टीत रुमाल पसरलेले आणि उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड. कोणी मोठा पंचाच अंथरला होता. दोन गाड्या मावतील एवढा.

दुपारपर्यंत कोणाचाच मुलगा आला नाही, जावईही नाही. आला फक्त माझा, वापीहून, न सांगता. रुमाल बघून त्याने गाडी बाहेर रस्त्यावर लावली आणि आत येऊन विचारलं, "बाबा, इथे जेवणावळ बसणार आहे का?"

तो गेल्यावर मी पट्टीत बघितलं. प्रत्येकजण आपापला रुमाल उचलायला वेगवेगळ्या वेळी येत होता, इकडेतिकडे बघून.

* * *

आता दातार. बँकेतून निवृत्त झालेले, कपडे कडक इस्त्रीचे. डोळ्यांमुळे गाडी चालवणं सुटलेलं. मोटार उभी राहून राहून इंजिन जाम झालं होतं, बॅटरी काढून ठेवलेली. तरी ते रोज सकाळी तिला पुसायचे आणि रिक्षाच्या ड्रायव्हरकडून चाकांत हवा भरून घ्यायचे. सुरुवातीला मला वाटलं, माणसाला जुन्या वस्तूचा लोभ असतो. खरं कारण माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. शिकलेल्या माणसाचं असंच होतं, किंवा कदाचित माझंच.

निवासात पुरुषांचा भाग वेगळा आणि बायकांचा वेगळा होता. नवरा-बायकोंसाठी खोल्या पुढच्या मजल्यावर होणार होत्या, आणि पुढचा मजला होणार होता. दातार वरच्या मजल्यावर चौघांच्या खोलीत, त्यांच्या पत्नी मालतीबाई तळमजल्यावर, कमलताईंच्या शेजारच्या कॉटवर. लग्नाला सगळं आयुष्य झालेली ती दोघं भेटायची ती मोटारीत. संध्याकाळी मालतीबाई थर्मास घेऊन बाहेर यायच्या, डावीकडे बसायच्या. दातार स्टिअरिंगवर. मग चहा.

आमच्या गुजराती वॉचमनला, रणछोडला, त्यांचं वेळापत्रक पाठ होतं. एकदा मला दातारांना काही विचारायचं होतं, तर त्याने मला अडवलं.

"साहेब, हमणां ना जता. काच उपर छे."

काचा खाली असल्या तर चहा चालू असायचा. काचा वर असल्या तर भांडण. सुरतेच्या उन्हाळ्यात काचा वर करून भांडायचं म्हणजे विषय किती महत्त्वाचा असेल, याचा अंदाज करा.

* * *

ट्रस्टचे शेठ कापडाचे व्यापारी होते, मनाने वाईट नव्हते. एकदा त्यांना आत जागा मिळाली नाही म्हणून त्यांची गाडी बाहेर लागली, आणि सुताच्या टेम्पोने तिचा आरसा उडवला. ते आत आले तेव्हा त्यांच्या हातात आरशाची काच होती.

"जे गाडी चाले, एनी जग्या," ते मला म्हणाले. "जे ना चाले, ए भंगारमां. दशेराए हुं पोते जोईश."

दसऱ्याला ते दरवर्षी निवासातल्या वाहनांच्या पूजेला यायचे. नारळ, झेंडूचे हार, आणि चाकांखाली एकेक लिंबू. गाडी पुढे जाऊन लिंबू चिरडलं की पूजा झाली. या वर्षी त्यातूनच परीक्षा होणार होती, आणि जी गाडी लिंबावरून जाणार नाही ती भंगारात.

हे दातारांना सांगायचं काम वाटपवाल्याचं, म्हणजे माझं. मी खोलीत तीन-चार प्रकारे बोलून पाहिलं. मग खाली गेलो. काचा खाली होत्या.

"या सर, मागे बसा," मालतीबाई म्हणाल्या आणि थर्मासच्या झाकणात चहा दिला. मागच्या सीटवर दोन उशा होत्या, विणकामाची पिशवी होती, आणि काचेला टेकवून नातवाचा फोटो. मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, पण वाईट सांगितलं असणार.

दातार समोरच्या भिंतीकडे बघत राहिले, जणू रस्त्यावर काही आडवं आलं होतं.

"मग आम्ही बसायचं कुठे?" मालतीबाईंनी विचारलं. "डायनिंग हॉलमध्ये? तिथे मी नुसतं 'अहो' म्हटलं की अर्धा हॉल वळून बघतो."

मी झाकणातला चहा संपवला. मी कमलताईंकडे गेलो. म्हटलं, तुम्हाला एक नंबर आता मिळेल असं दिसतं. त्यांनी चष्मा काढला.

"ती जागा मला हवीच आहे. पण ती मी मालतीशी भांडून घेईन. शेठने भंगारवाल्याकरवी दिलेली नको."

* * *

दसऱ्याच्या सकाळी शेठ आले. नारळ फुटला. अण्णांची रिक्षा लिंबावरून गेली. माझ्या स्कूटरला बऱ्याच किका माराव्या लागल्या, घाम फुटला, पण गेली. कमलताईंनी आपल्या खुर्चीखालीही लिंबू ठेवायला लावलं आणि त्यावरून खुर्ची अशी नेली की वाहनाचा प्रश्न कायमचा मिटला.

मग एक नंबर. मोटारीला हार होता. दातार स्टिअरिंगवर, पांढऱ्या शर्टात, आणि शेजारी मालतीबाई, काठाच्या साडीत. दोन लिंबं चाकांखाली. दातारांनी किल्ली फिरवली. कुठलाच आवाज झाला नाही. त्यांनी पुन्हा फिरवली. शेठ घड्याळाकडे बघू लागले.

"थांबा जरासं, शेठ," अण्णा म्हणाले. "इंजिनले थंडी वाजी ऱ्हायनी."

ऑक्टोबर होता, आणि सुरत. शेठ काही बोलायच्या आत अण्णा मोटारीच्या मागे गेले आणि त्यांनी डिकीला हात लावले. त्यांच्या शेजारी रणछोड उभा राहिला. मग स्वयंपाकाचे महाराज. मग रिक्षाला विरोध करणारी सगळी मंडळी, एकेक करून, काठ्या भिंतीला टेकवून.

"सर, नुसते बघता काय?" कमलताई म्हणाल्या. "माझी खुर्ची मागे न्या. पाय टेकायची पट्टी बंपरला लावा आणि तुम्ही मला ढकला."

हे शास्त्रीयदृष्ट्या कितपत उपयोगी होतं याबद्दल मला शंका होती, पण मी ढकललं. सगळ्यांनीच ढकललं. कोणाला दमा, कोणाला हर्निया. मोटार जागची हलली नाही. पुन्हा एकदा जोर लावला. कोणीतरी खोकू लागलं, कोणीतरी खालीच बसलं. शेठ कपाळावर आठ्या घालून बघत होते.

तेवढ्यात आतून मालतीबाईंचा आवाज आला.

"अहो."

ढकलणाऱ्या सगळ्या पुरुषांनी माना वर केल्या.

"तुम्हाला नाही," त्या मागे वळून म्हणाल्या. "यांना. अहो, हँडब्रेक."

खट्‌ असा आवाज झाला. मोटार हलली आणि सावकाश हातभर पुढे जाऊन थांबली. लिंबाचा वास आला.

शेठ गुडघ्यावर हात ठेवून वाकले, चाकाखाली पाहिलं. दम खाणाऱ्या सगळ्यांकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "लींबु तो कचडाई गयुं. एटले चाले छे. बराबर ने, प्रोफेसर?"

"बराबर," मी म्हणालो.

शेठ गेले. आम्ही शेडखाली आपापल्या खुर्च्यांवर कोसळलो होतो. दातार स्टिअरिंग धरून बसले होते. त्यांनी आरशात आमच्याकडे पाहिलं, खिडकीतून डोकं बाहेर काढलं, बहुधा आभाराचं काही बोलणार होते.

"ते नंतर," मालतीबाई म्हणाल्या. "आधी काचा वर घ्या."

चारही काचा एकामागून एक वर गेल्या. आम्ही उठलो, आपापल्या खुर्च्या उचलल्या आणि लांब नेऊन ठेवल्या.