मधोमध मोडलेलं हाड

बंकटसारखा हलक्या हाताचा माणूस आष्टी तालुक्यात शोधून सापडायचा नाही, असं खोदकामावरच्या मॅडम म्हणायच्या. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तो हात मी बघितलेला होता.

बंकट आणि मी दर दिवाळीनंतर एकाच टोळीतून ऊसतोडीला जायचो. या उन्हाळ्यात गावाशेजारच्या जुन्या पांढरीच्या, म्हणजे पूर्वीच्या वस्तीच्या, टेकाडावर खोदकाम निघालं, तेव्हा दोघंही रोजानं लागलो. एवढा आडदांड गडी, पण ब्रशनं माती झाडायचा ती झोपलेल्या लेकरावरची माशी हाकलल्यासारखी.

एका सकाळी तीन हजार वर्षांपूर्वीची बाई वर आली. मॅडम हाडं बघून सांगू लागल्या. दातांवर आडव्या रेघा होत्या, म्हणजे लहानपणी उपासमार नाहीतर मोठं आजारपण. मानेचे मणके ओझ्यानं झिजलेले. आणि डावा हात कोपराखाली मोडून वाकडा जुळलेला.

"गाडीवरनं पडली आसंल," बंकट घाईनं म्हणाला.

"पडल्यावर बहुतेक मनगट मोडतं. हे मधोमध मोडलंय. वार अडवायला हात आडवा धरला की बहुधा असं मोडतं."

बंकटनं ब्रश खाली ठेवला.

बारा वर्षांपूर्वी फडात, मोळ्या बांधायला उशीर झाला म्हणून त्यानं बायकोला, सत्यभामावहिनीला, उसाच्या टिपऱ्यानं मारलं होतं. दवाखान्यात विचारपूस होईल म्हणून आम्ही तिकडे गेलोच नाही. उसाच्याच कांड्या चिरून लावल्या आणि मोळी आवळतात तसा पाचटानं हात आवळला. मुकादमाला काय सांगायचं? बैल उधळला, गाडीवरून पडल्या, हे मीच सुचवलं. चौथ्या दिवशी वहिनी पुन्हा मोळ्या बांधत होत्या.

दुपारी त्याच वहिनी भाकरी घेऊन टेकाडावर आल्या. टोपलं उतरवताना पदर सरला. मॅडमनी त्यांचा हात बघितला, मग खड्ड्यात बघितलं.

"मावशी, हे कशानं?"

"गाडीवरनं पडलते. लई वर्सं झाली. इचारा की भावजीला, गाडी त्येच हाकत व्हते."

"न्हाई," बंकट म्हणाला. "म्या मारलं हिला." आणि सगळ्या मजुरांसमोर तोंड झाकून खाली बसला.

वहिनींनी हातावर पदर ओढला. लाज त्यांनाच वाटली. मग त्या माझ्याकडे बघू लागल्या. बारा वर्षं मी त्या गोष्टीला तिखटमीठ लावत आलो होतो. उधळलेला बैल कोणता, तेही रंगवून सांगायचो.

"बोला की भावजी."

शरमेनं माझी मान वर होईना.

"गाडी उभीच व्हती, वैनी," मी म्हणालो. "म्या तिच्यावर बसून बघत व्हतो."