माझ्या माईकपुढची माणसं

चहा पाजून किस्से काढायची वाईट खोड आहे तुम्हा लोकांना. आता म्हणे लिहूनच द्या! चौथीनंतर पेन धरला नाही मी; मी सांगतो, तुम्हीच लिहा. जन्मभर मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेत माईक लावला, बोलायचं काम दुसऱ्यांचं. पण किस्से साठतातच, भिया. पोह्यांच्या कढईला खरवड धरते ना, तसे.

यंदा तर डोक्यावर तलवारच होती. मंडळाच्या सेक्रेटरींनी पहिल्याच दिवशी सुनावलं, "काका, एक तक्रार आली की तुमची छुट्टी. भंवरकुआं चौकातला साउंडवाला तयार बसलाय." मतलब, या वयात हातचं काम जाणार, तेही चारचौघांत!

पहिल्या दिवशी आले एक नामी पैलवान. दारातून आडवेच आत आले. मी म्हणालो, "टेस्टिंगला काहीतरी बोला." त्यांनी नुसता माईक थोपटला. भाषणात मात्र हरलेल्या कुस्त्याच सांगत सुटले. सेक्रेटरींनी हळूच चिठ्ठी सरकवली, 'जिंकलेल्या सांगा.' पैलवानांनी ती माईकवरच वाचली.

"जिंकलेल्या सांगायला गावभर लोक आहेत. हरलेल्या मी नाही सांगितल्या तर कोण सांगणार?"

सेक्रेटरींनी पेन खिशात ठेवला.

मग एक लेखक. त्यांची पुस्तकं वाचून पब्लिक हसून लोळतं म्हणे, माणूस मात्र एरंडेल प्यायल्यासारखा. कॉलेजच्या पोरीनं विचारलं, "सर, रोज सुचतं कसं?"

"सुचत नाही म्हणून तर बसतो. सुचलं असतं तर फिरायला गेलो नसतो का?"

स्वतः हसले नाहीत. हॉल पडला हसून!

हृदयाचे मोठे डॉक्टर आले त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. बेटमा गावाहून आलेला एक म्हातारा रडत स्टेजवर चढला आणि पायाच पडला. "माझ्या पोराला वाचवलंत, देव आहात तुम्ही!"

डॉक्टरांनी त्याला उठवून शेजारी बसवलं. म्हणाले, "बाबा, जे वाचले नाहीत त्यांचे घरचे माझ्या सभेला येत नाहीत."

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले.

अनाथ पोरं सांभाळणाऱ्या एक बाई आल्या. सेक्रेटरींनी त्यांच्या त्यागावर इतकं लांबण लावलं की माझा माईक गरम झाला. मग हार घेऊन पुढे आले. बाईंनी हात आडवा केला.

"त्याग कसला? मला हेच काम आवडतं. न आवडणारं काम करून घर ओढणारी एखादी मागे बसली असेल, हार तिला घाला."

सेक्रेटरी हार धरून उभेच! मागे आमची मंडळी, म्हणजे बायको, बसलेली. घरी आलो. कुलूप उघडताना एवढंच म्हणाली, "ऐकलंत ना?"

शेवटच्या दिवशी गाणं. गायिका एवढ्या मोठ्या, की तानपुरे लागताच लोकांचं खोकणंसुद्धा थांबलं. बाईंनी सूर लावला आणि माईकमधून खरखर आली. मी वायर बदलली, बटणं फिरवली. खरखर जाईना. सेक्रेटरी स्टेजवरूनच ओरडले, "उठा काका तिथून! नाक कापलंत मंडळाचं! उद्यापासून येऊ नका!"

भरलेला हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. मी उठलो.

बाईंनी हात वर केला. तानपुरे थांबले.

"त्यांना कशाला बोलता? माईक चांगला आहे. आवाज माझा फाटलाय."

बाई हॉलकडे बघून पुढे म्हणाल्या,

"बरेच दिवस झाले. घरचे म्हणतात छान, शिष्य म्हणतात छान. खरं बोलला तो हा माईक." मग माझ्याकडे वळल्या, "भाऊ, बसा. थोडा वाढवा. आता आहे तो तरी नीट ऐकू जाऊ दे."

मी आवाज वाढवला. बाई गायल्या. ती खरखर तशीच, आणि हॉलात एकही डोळा कोरडा नव्हता.

गाणं संपल्यावर सेक्रेटरींनी माईक हातात घेऊन बाईंची माफी मागितली. दोनदा. मग तोच माईक माझ्या हातात दिला आणि जेवायला गेले.

खाली माझं नाव पाहिजे ना? घ्या लिहून. वसंतराव टोकेकर.