भेगा बुजवायचं काम

परवा नागपुरात सक्करदऱ्याला भाचीकडे गेले होते. ती एका कंपनीत सीएसआर, म्हणजे कंपनीच्या पैशाने होणारी समाजकामं बघते. लॅपटॉपवर एका गावातल्या रंगवलेल्या भिंतींचे फोटो दाखवत होती... आणि मी हातातला कप तसाच खाली ठेवला. बिचारीला वाटलं, मावशीला चहा आवडला नाही.

आमच्या वेळी सीएसआर हा शब्द नव्हता, वेल्फेअर म्हणायचे. आणीबाणी उठून एखादं वर्ष झालं असेल. मी नागपुरात सोशल वर्क शिकून नुकतीच बाहेर पडले होते आणि रामटेककडच्या एका गिट्टीखदानीत, म्हणजे खडीसाठी दगड फोडायच्या खाणीत, वेल्फेअर ऑफिसर म्हणून लागले होते. उत्साह इतका की विचारू नका.

खदानीला लागून पन्नासेक घरांचं गाव. सुरुंग उडाले की मातीच्या भिंतींना भेगा पडायच्या. गावाची मागणी एकच होती... आमच्या बाजूचे सुरुंग बंद करा. भेग किती वाढली ते कळावं म्हणून लोकांनी प्रत्येक भेगेच्या टोकाला कोळशाने रेघ मारून ठेवली होती, आणि कलेक्टर कचेरीत अर्ज दिला होता.

दिवाळीच्या तोंडावर मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. गाव नाराज आहे, कंपनीच्या खर्चाने सगळ्यांची घरं रंगवून देऊ म्हणाले. मला तर तो माणूस देवासारखा वाटला. गावानेही आनंदाने होकार दिला... दिवाळीला फुकटात घर रंगवून मिळतंय, नाही कोण म्हणणार?

आठ दिवस मी गावातच होते. गवंडी नुसताच चुना फासायला निघाले होते, मीच त्यांना थांबवलं. आधी भेगा सिमेंटने नीट बुजवा, मग वर चुन्याचे दोन हात द्या. अर्धवट काम मला खपत नाही ना... कोळशाच्या रेघा तर मी स्वतः ओल्या फडक्याने पुसल्या.

सगळ्यात मोठी भेग पार्बताबाईच्या घरात होती, आढ्यापासून पार जमिनीपर्यंत. त्याच भिंतीला लागून तिच्या बाळंतीण लेकीची बाज. भिंत पांढरीशुभ्र झाली तेव्हा पार्बताबाईने माझ्या हातावर गूळ-दाणे ठेवले. "लय भेव वाटे मले ह्या भिंतीचं. तुमच्या पायगुणानं घर उजळलं बाप्पा, म्याडम," म्हणाली. मी फुगून टम्म.

काम संपल्यावर तिसऱ्या दिवशी गावात जीप आली. कलेक्टर कचेरीचे अधिकारी अर्जाची पाहणी करायला आले होते. ही तारीख आमच्या मॅनेजरांना पंधरा दिवसांपासून माहीत होती. गावाला नव्हती, मलाही नव्हती. त्या दिवशी सुरुंगही बंद ठेवलेले...

अधिकारी या घरातून त्या घरात फिरले, मागोमाग मॅनेजर आणि मी. पार्बताबाईच्या दारात थांबून विचारलं, "भेगा कुठे आहेत?"

मॅनेजर अगदी शांतपणे म्हणाले, "आपणच बघा ना साहेब."

तेव्हा कुठे मला सगळं उलगडलं. आठ दिवस राबून मी गावाचा सगळा पुरावा बुजवला होता... आणि वर त्याबद्दल गूळ-दाणे खाल्ले होते. अधिकारी म्हणत होते, नुकसान दिसत नाही, तर अर्ज निकाली काढावा लागेल. आत बाजेवर ते पंधरा दिवसांचं पोर रडत होतं.

तेवढ्यात पार्बताबाई आतून खुरपं घेऊन आली. मला वाटलं, आता ही माझ्या अंगावर येते. तिने ते माझ्या हातात दिलं. "तूनंच बुजवलं ना वं हे? आता तूच उकर."

कालपर्यंत मी म्याडम होते.

मॅनेजर माझ्याकडे बघत होते. नोकरी जाणार हे मला तिथेच कळलं... घरी वडील रिटायर झालेले, माझ्यामागे दोन बहिणी लग्नाच्या. तरी भिंतीवर पहिला घाव मी घातला. चुना निघाला, सिमेंटचा पोपडा निघाला आणि मग माझा अख्खा पंजा भिंतीत गेला. अधिकाऱ्यांचं लिहिणं थांबलं.

मग सगळं गाव सुरू झालं. कुणी विळा घेतला, कुणी उलथनं. दिवाळी दोन दिवसांवर आलेली आणि बायका आपल्या नव्याकोऱ्या भिंती खरवडत होत्या... मला ते बघवत नव्हतं.

गावाकडच्या बाजूचे सुरुंग महिन्याभरात बंद झाले. माझी नोकरी त्याआधीच गेली.

पुढे दुसरीकडे कामं केली. गावाला काहीतरी द्यायची गोष्ट निघाली की मी आधी विचारायची, गावाने मागितलं काय होतं? साहेब लोक वैतागायचे. वैतागू देत. परवा भाचीलाही तेच विचारलं.

पार्बताबाई मला चार शिव्या घालून हाकलू शकली असती. ती भिंत स्वतःही उकरू शकली असती, तिच्या हातात माझ्याहून जास्त जोर होता. पण तिने खुरपं मला दिलं... माझी चूक मला माझ्याच हाताने निस्तरू दिली. इतकं मोठं देणं मला कुठल्याच कंपनीने दिलं नाही.