इशाऱ्याशिवाय उचल नाही

शामसुंदर डोंगऱ्यांची नक्कल करणं सोपं. हात कमरेमागे बांधायचे, आणि तोंडात पान नसतानाही असल्यासारखं बोलायचं : "टाच उचलून राहिली, बापू. टाच जमिनीले खिळली पायजे. गुडघे भायेर, छाती वर. तू स्क्वॅट करून राहिला का भाजी निवडून राहिला?" स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टरच्या जिममधली सगळी पोरं ही नक्कल करत. हुबेहूब जमायची ती मात्र त्यांच्याच पोरीला, उत्कर्षाला. ते खोटं खोटं रागावत आणि तोंड फिरवून हसत.

बत्तीस वर्षं त्यांनी प्लांटमध्ये क्रेन चालवली. वर केबिनमध्ये बसायचं आणि खालच्या माणसानं हात केला की माल उचलायचा. इशारा नाही, तर उचल नाही. रिटायर झाल्यावर पोरांना शिकवताना हाच कायदा त्यांनी जिममध्ये आणला. बार खांद्यावर घेऊन पोरगं खाली बसणार, मांडी गुडघ्याच्या खाली गेली की बाजूला उभे शामसुंदर म्हणणार, "ऊठ." त्याआधी कुणी उठायचं नाही. अर्धवट बसून उठणाऱ्यांची खोड या एका शब्दानं मोडली. उत्कर्षाच्या पायांना तर तो शब्द कानांच्याही आधी कळायचा.

गेल्या दिवाळीपासून शुगरनं त्यांच्या डोळ्यांपुढं जाळं धरलं. मांडी कुठं संपते, गुडघा कुठं सुरू होतो, काही उमगेना. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मार्चमध्ये दुर्गला राज्याच्या पॉवरलिफ्टिंग संघाची निवड होती, आणि ज्युनियर गटात उत्कर्षाचं हे शेवटचं वर्ष. एवढं पार पडू दे, मग डोळे दाखवू, असं ठरवून ते अंदाजानं "ऊठ" म्हणू लागले.

दुर्गला तीन खेपा होत्या; त्यांतली एक तरी पंचांनी मान्य करायला हवी, नाहीतर बाद. पहिल्या खेपेला शंभर किलो. उत्कर्षा बसली, ते "ऊठ" म्हणाले, ती झर्रकन उठली आणि बापाकडे पाहून हसली. समोर तिन्ही दिवे लाल लागले.

"बेटी, ऊपर से ही उठ गई," पंच म्हणाले. "दो इंच और बैठना था."

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं.

"बाबा, आवाज जरा लेट द्या," हाताला चॉक चोळत ती म्हणाली. "मी बसून राहते."

तिसऱ्यांदा ती बसली. शामसुंदरांना दिसत होता तो फक्त एक काळा डाग, खाली सरकणारा. दोन इंच झाले का? आताही चुकलो तर? अजून थोडं. शब्द जिभेवर येऊन अडला. तिचा कोंडलेला श्वास फुटल्याचा आवाज आला तेव्हा कुठं ते "ऊठ" म्हणाले. तोवर तिच्या मांड्यांतलं बळ सरलं होतं. बाजूच्या पोरांनी धावून बार धरला.

परतीच्या ऑटोत, सुपेल्याच्या चौकाशी, शामसुंदरांनी विचारलं,

"कावून नाही उठली तू?"

"तुम्ही म्हटलं कुठं?"

 मग ते म्हणाले, "मले दिसून नाही राहिलं, बेटा. दिवाळीपासून."

"मालूम आहे मले."

"कसं?"

"परवा शेजारच्या सोनल काकूले 'या भाऊ' म्हटलं तुम्ही."

त्यांना हसू यायला हवं होतं. "मंग बोलली कावून नाही?"

"बोलली असती तर तुम्ही जिमले आले असते का?"

 तिनं त्यांची बॅग आपल्या मांडीवर घेतली आणि बाहेर पाहत राहिली.

सोमवारी ते जिमला जायला तयार नव्हते. तिनं हाताला धरून नेलं. ते भिंतीकडे तोंड करून बाकावर बसले. मागं बार रॅकवरून निघाला. दोन पावलं मागं. श्वास भरला. ती खाली बसली असावी. शब्द त्यांच्या ओठांवर आला. त्यांनी दात आवळून तो धरून ठेवला.

मागून, तोंडात पान असल्यासारखा, त्यांचाच आवाज आला : "ऊठ."

पोरं खदखदली. बार परत रॅकवर टेकला.

"टाच?" भिंतीकडेच पाहत शामसुंदरांनी विचारलं.

"खिळलेली होती, बाबा," ती म्हणाली. या वेळी स्वतःच्या आवाजात.