कुंदाला उन्हाळा बघायचा होता

परदेशीपुऱ्याच्या बाजारात पालकाची जुडी निवडत होतो, तेवढ्यात भाचीचा फोन आला. "मामा, आई गेली..." जुडी तशीच हातात घेऊन सुदामा नगरला पोचलो. महिना झाला त्याला.

कुंदा माझी धाकटी बहीण, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. मी कापडमिलमध्ये. मिलमागच्या तलावाचं पाणी ती बारीक जाळीतून गाळायची आणि त्यातले इवलेसे जीव मायक्रोस्कोपखाली बघत बसायची. कोणत्या मोसमात कोणते वाढतात, यावरून पाणी कशानं बिघडलं ते कळतं म्हणे. "काय मॅडम, आज कुणाकुणाची हजेरी?" असं मी चिडवायचो. ती हसायचीसुद्धा नाही. कामाच्या बाबतीत भारी खडूस!

उदारीकरणाचा जमाना आला, शेजारच्या मिला एकेक बंद पडू लागल्या. आमचे मालकही निमित्तच शोधत होते. तलाव हिरवागार होऊन वास मारायला लागला, तसे म्हणाले, लोकांची तक्रार आहे, मिल बंद करावी लागेल. युनियनवाले माझ्या मागे लागले, "भिया, बहिणीकडून लिहून आणा ना, की घाण मिलची नाही." मी गेलो. ती म्हणाली, "दादा, मी फक्त बरसात बघितलीये. पावसात सगळं पातळ होतं रे. गर्मी बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"तोवर आम्ही खायचं काय?"

सख्ख्या भावासाठी दोन ओळी नाही लिहिल्या तिनं! हिवाळ्यातच मिलला कुलूप लागलं.

उन्हाळ्यात, मिल बंद असूनही, पाणी आणखी हिरवं झालं. घाणीत माजणारे जीव उलट वाढलेच. नव्या कॉलन्यांचं सांडपाणी तलावात उतरत होतं. कुंदा धावत घरी आली, "दादा, दोष मिलचा नव्हता रे, निदान एकट्या मिलचा तरी नव्हता. आता लिहून देते." मी म्हणालो, "कुणाला देणार? मशिनी भंगारात गेल्या." दारातच रडली ती. पुढे राखीला जायचो, जेवायचो, पण तलावाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

परवा भाचीनं तिची खोली आवरायला बोलावलं. खिडकीत बाटलीभर तलावाचं पाणी, शेजारी मायक्रोस्कोप. इतक्या वर्षांत त्यात मी कधी डोकावलो नव्हतो. भाचीनं काचेवर थेंब ठेवला. एक पारदर्शक जीव, पोटात अंडी घेऊन, झटके देत पोहत होता. एवढ्याशासाठी?... असा राग आला की तो थेंब पुसून टाकावासा वाटला. आणि तो जीव इतका सुंदर होता की डोळा काढवेना.

"काय दिसलं, मामा?" भाचीनं विचारलं.

काय सांगू पोरीला? मला कुंदाशी भांडायचं होतं. अजून पोटभर भांडायचं होतं.