आसेगावहून आलेला ईसीजी

बाहेरचं, भुतंखेतं, संकेत... असला विषय निघाला की मी उठून चहा प्यायला जाणारा माणूस. आजही तसाच आहे. तरी हे लिहितोय, कारण मनातून जात नाही.

वाशीमच्या एका खासगी दवाखान्यात मी नेटवर्क सांभाळतो. आमची छोटी केंद्रं खेड्यांत आहेत. तिथली नर्स पेशंटचा ईसीजी काढून केंद्रातल्या टॅबलेटवरून आमच्या वेबपेजवर टाकते, इथले डॉक्टर तो पाहून फोनवर सांगतात. मधे प्रॉक्सी सर्व्हर आहे, प्रत्येक फाइल त्याच्यातूनच पुढे जाते. मिनिटभरात फाइल पूर्ण आली नाही, की तो कनेक्शन तोडतो. ही मुदत वाढवता येते — एक आकडा बदलायचा, बस. पण पासवर्ड माझ्या वरच्या साहेबांकडे.

"वाढवलं तं सर्व्हर अडकून राह्यते," ते म्हणायचे. "चालून राह्यलं ना? चालू दे."

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मोठ्या भावाच्या छातीत दुखायला लागलं. आसेगावच्या केंद्रातून शबाना सिस्टरनं त्याचा ईसीजी पुन्हा पुन्हा पाठवला. तिथलं नेट रडतखडत चालतं. दर वेळी टाइमआउट, मिनिट झालं की लाइन तुटायची. डॉक्टरांना काही दिसलंच नाही. भाऊ वाटेत, जीपमध्येच गेला.

तेरवी झाल्यावर मी परत साहेबांकडे गेलो. "पाहू," म्हणाले.

दिवाळीच्या आधी एका दुपारी डॉक्टरांच्या खोलीत प्रिंटर पाहत होतो. त्यांच्या स्क्रीनवर आसेगावहून ईसीजी आला. अटॅक स्पष्ट होता. त्यांनी शबाना सिस्टरला स्पीकरवर फोन लावला.

"ईसीजी मिळाला. त्यांना गोळ्या द्या अन् लगेच इकडे पाठवा."

पलीकडून सिस्टरनं विचारलं,

"कोणता ईसीजी, सर? दोनदा लाइन तुटली तं मी टॅबलेटच बंद करून ठेवला. पेशंटले बरं वाटून राह्यलं, तो घरी निघाला."

"थांबवा त्याला."

माणूस वाचला.

मी सर्व्हरच्या नोंदी, म्हणजे लॉग पाहिला. कनेक्शन मिनिटाच्या कितीतरी पुढे उघडं होतं... टॅबलेट बंद झाल्यावरही. साहेबांच्या शेजारी बसून सेटिंग पाहिली — मिनिटच. आसेगावला गेलो, त्याच टॅबलेटवरून तीच फाइल पाठवली. मिनिटाला तुटली. परत पाठवली, परत तुटली.

साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं, "आहे त्याच सेटिंगवर पेशंट वाचला. बदलायची गरज नाही." टाळ्या झाल्या.

वहिनीला सांगितलं तेव्हा ती तूर निवडत होती.

"वाचला ना तो? बरं झालं." तुरीतला एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "मंग भाऊजी, तुमच्या भावाच्या वक्ती काहून नाही थांबलं ते?"

तुमच्यापैकी कोणाला यातलं तांत्रिक कळत असेल तर जरूर सांगा, मी ऐकीन. पण ही देवाची कृपा होती, असं कृपया कोणी लिहू नका. असेल, तर मग उन्हाळ्यात ती कुठे होती, तेही लिहा.